वेळू : गवतच, पण केवढें!

पाडव्यास दारोदारीं उभारली जाणारी गुढीची काठी तुम्हीं पाहिलीच आहे. ती झाडाची कीं गवताची? वर्गांत हा प्रश्न टाकला असतां बहुतेक मुलें 'झाडाची' असेंच सांगतात. त्यांत त्यांचा फारसा दोष नाहीं. १९२७ च्या वन कायद्यानेंही वेळूस झाडांतच गणलें होतें. ती व्याख्या बदलून शेतांतील वेळूची तोडणी मोकळी होण्यास २०१७ साल उजाडावें लागलें. वनस्पतिशास्त्र मात्र त्यास ज्वारी, गहू व ऊस यांच्या कुळांत बसवितें.

आंब्याचें खोड वर्षानुवर्षें जाड होतें, कारण सालीखालीं नवें लाकूड घडविणारा एक थर असतो. वेळूस तो थरच नाहीं. पावसाळ्यांत जमिनींतून येणारा कोंब आपली जाडी बरोबर घेऊनच येतो. सारीं कांडीं त्यांत दुर्बिणीच्या नळ्यांप्रमाणें एकांत एक बसलेलीं असतात. तीं लांबत जाऊन थोड्या महिन्यांतच काठी पुऱ्या उंचीची होते. पुढें ती वाढत नाहीं. केवळ पक्की होते, आणि त्यास तीन-चार वर्षें लागतात.

हें आम्हांस पुस्तकांतून ठाऊक होतें. अर्थ कळला तो नुकसानीनंतर. परसांतील गोठ्याच्या छपरासाठीं आम्हीं ऐन श्रावणांत, हिरव्यागार दिसल्या त्या काठ्या तोडिल्या. पुढील उन्हाळ्यांत रात्रीं छपरांतून कुरकुर ऐकूं येई व सकाळीं जमिनीवर पिवळसर पीठ पडलेलें दिसे. गांवांतील एक वृद्ध बुरूडीणबाई तें पाहून हंसल्या : "लेकरं तोडलाव की, मास्तर, अन् ती बी भर पावसात!"

कोवळ्या काठींत पिष्ट पुष्कळ असतें व त्यासाठींच भुंगेरे तीस पोखरतात. बाईंची रीत अशी : पावसाळा सरल्यावर तोडावें, तीन वर्षांची झालेली काठीच घ्यावी, जमिनीलगतच्या पेराच्या अगदीं वर घाव घालावा, म्हणजे खुंटांत पाणी सांचत नाहीं, आणि काठ्या कांहीं आठवडे पाण्यांत बुडवून ठेवाव्या. एक-दोन वर्षांच्या काठ्या राखावयाच्या, कारण पुढील कोंबांस अन्न त्यांच्या पानांतून मिळतें. वय ओळखणें सोपें आहे. नव्या काठीवर पांढुरकी भुकटी असते, जुनीवर डाग पडलेले असतात.

आपल्या जिल्ह्यांत कोंकणासारखीं वेळूचीं बनें नाहींत. तथापि मेस नांवाची जात बालाघाटच्या कोरड्या उतारांसही सोसवते. कमी पाण्यांत तिच्या काठ्या जवळजवळ भरीव होतात, म्हणून लाठीस त्या उत्तम. सूप, दुरडी, कोंबड्यांचें डालें, शिडी, बाळाचा पाळणा, शेवटची तिरडी, आणि तुळजापुरास जोगवा मागणाऱ्यांच्या हातीं दिसणारी परडी, हें सर्व वेळूचेंच. उमरग्यापलीकडील कल्याण नगरींत बाराव्या शतकांत बसवेश्वरांच्या मेळ्यांतील केतय्या हे शरण वेळूकाम करीत. बुरूड मंडळी त्यांस पूज्य मानतात. आज बाजारांत प्लास्टिकचें सूप स्वस्त मिळतें; पण त्यानें एकदां तूरडाळ पाखडून पाहावी. खडे व दाणे बरोबरच उड्या मारतात!

वेळूचें फुलणें मात्र विलक्षण. कित्येक दशकें तो फुलतच नाहीं. मग एका पिढीचीं बेटें एकदमच फुलतात, भातासारखें बीं धरतात आणि वाळून जातात. मिझोरामच्या डोंगरांत एक जात सुमारें ४८ वर्षांनीं फुलते. १९५९ च्या सुमारास तें बीं खाऊन उंदीर माजले, त्यांनीं शेतें फस्त केलीं व दुष्काळ पडला. म्हणून बेट फुललें कीं थोडें बीं राखून लगेच रोपें करावीं. वाळलेलें बेट पुन्हां फुटत नाहीं.

आमच्या परसांतील बेट कोणीं व कधीं लाविलें याची नोंद नाहीं. हिवाळ्यांत काठ्या निवडतांना आम्ही प्रथम शेंड्यांकडे पाहून घेतों. यंदाही तेथें पानेंच होतीं.