रूप वेगळं, इंजिन ओळखीचं

भोकरदन तालुक्यात जुनी गाडी बघायला निघालेला माणूस दलालाला आधी एकच अट सांगतो : गाडी उंच पाहिजे. किंमत, ॲव्हरेज, मॉडेल हे सगळं त्यानंतर. धावड्यासारख्या, अजिंठ्याच्या डोंगररांगेकडेच्या आणि बुलढाण्याच्या हद्दीला लागून असलेल्या गावात ही अट बिनबुडाची म्हणता येणार नाही. पावसाळ्यात शेतरस्त्यावर काळ्या मातीचा रबडा होतो. गावोगावी लोकांनी आपापल्या मनाने घातलेले गतिरोधक असतात, आणि ते गाडीचं पोट बघून घातलेले नसतात. तरीही जुन्या गाडीत आरामही हवा आणि पैसाही वाचायला हवा, असं ज्याला वाटतं, त्याने या अटीकडे जरा संशयाने बघावं. सगळं गाव जे मागतं ते महाग मिळतं.

देशात विकल्या जाणाऱ्या नव्या प्रवासी गाड्यांत निम्म्याहून जास्त वाटा आता उंच गाड्यांचा आहे. त्याचा फटका मध्यम आकाराच्या सेडानना बसला. फियाट लिनिया गेली, होंडा सिव्हिक आणि टोयोटा कोरोला आल्टिस २०२० मध्ये बंद झाल्या, फोक्सवॅगन व्हेंटोची जागा २०२२ मध्ये दुसऱ्या गाडीने घेतली, आणि २०१४ पासून विकली जाणारी मारुती सियाझ २०२५ मध्ये थांबली. कंपनीने मॉडेल बंद केलं की जुन्या बाजारात त्याचा भाव पडतो. विकणाऱ्याच्या दृष्टीने ते नुकसानच. पण ज्याला गाडी घेऊन सात-आठ वर्षं वापरायची आहे, त्याने या पडलेल्या भावाचा फायदा का घेऊ नये?

आधी उंचीचा हिशोब करू. सियाझचं पोट जमिनीपासून १७० मिलिमीटर वर, होंडा सिटीचं १६५. ह्युंदाई क्रेटाचं १९०. म्हणजे ज्याच्यासाठी लाख-दोन लाख जास्त मोजले जातात तो फरक जेमतेम एका इंचाचा. अर्थात इंचभरानेही दगड चुकतो, आणि सेडानचा व्हीलबेस लांब असल्यामुळे टेंगूळ मधोमध आलं की ती आधी घासते. पाच माणसं आणि डिकीत दोन पोती घातली तर आणखीच. त्यावर वाहनचालकांचा जुना उपाय आहे : मोठ्या गतिरोधकावर गाडी तिरकी घ्यायची. हे सांगण्याचा उद्देश एवढाच, की रोज शेतात गाडी न्यायची असेल तर सेडान घेऊ नका. पण गावातून भोकरदन, सिल्लोड, जालना, छत्रपती संभाजीनगर एवढाच फेरा असेल, तर तो इंच फारसा आड येत नाही.

त्या बदल्यात मिळतं ते काय? खाली बसलेल्या गाडीचा भार जमिनीजवळ असतो. वळणावर ती कमी झुकते, म्हणून कंपनीला तिच्या स्प्रिंगा मऊ ठेवता येतात. उंच गाडी कलंडू नये म्हणून तिचं सस्पेन्शन कडक करावं लागतं आणि तो कडकपणा मागच्या सीटवर बसलेल्याच्या कंबरेला कळतो. सेडानची डिकी वेगळ्या कप्प्यात असते, त्यामुळे मागच्या चाकांचा आणि सामानाचा आवाज आत कमी येतो. सियाझची डिकी ५१० लिटरची आहे. लग्नाचा बस्ता आणि चार बॅगा सहज मावतात. दवाखान्यासाठी संभाजीनगरला पेशंट न्यायचा असेल, तर मागची सीट किती सपाट आणि किती लांब आहे याला बाकी सगळ्यापेक्षा महत्त्व. एक दोष मात्र कबूल केला पाहिजे. गुडघे दुखणाऱ्या आजीला खोल सीटवर बसणं आणि तिथून उठणं जड जातं. घरात असं माणूस असेल तर व्यवहार ठरवण्याआधी त्यांना गाडीपाशी न्या, दोनदा बसवून-उठवून बघा. तेवढ्यावरून उंच गाडी घ्यायचं ठरलं तर ते योग्यच आहे.

आता खऱ्या शौकाबद्दल. दोन दारांची कूपे किंवा टप उघडणारी कन्व्हर्टिबल आपल्याकडे रस्त्यावर क्वचितच दिसते. भारतात ‘कूपे’ म्हणून हल्ली ज्या गाड्या लोकांना ठाऊक आहेत, त्या २०२४ मध्ये आलेल्या टाटा कर्व्ह आणि सिट्रोएन बसाल्ट, म्हणजे मागून उतरत्या छताच्या चार दारी उंच गाड्या. खरीखुरी उघड्या टपाची स्वदेशी गाडी म्हणजे नव्वदच्या दशकाच्या अखेरीस गोव्यात बनलेली सॅन स्टॉर्म. दोन सीट, हलकी फायबरची बॉडी, रेनॉचं ११४९ सीसीचं इंजिन. दिसायला देखणी होती. पण त्या काळात रेनॉची दुसरी गाडी भारतात विकलीच जात नव्हती. पाण्याचा पंप गेला तर सुटा भाग आणायचा कुठून? गाडी चालली नाही याची आणखीही कारणं असतील. जुनी घेणाऱ्याला मात्र हे एकच पुरेसं आहे.

याच्या उलट उदाहरण अमेरिकेतलं. तिथे टोयोटाने १९९८ मध्ये सोलारा नावाची मध्यम आकाराची कूपे आणली, मग तिचीच उघड्या टपाची आवृत्ती काढली आणि २००८ पर्यंत ती विकली. बाहेरून शौकाची गाडी, आतून मात्र साधी कॅमरी, जी तिकडे दर दुसऱ्या गल्लीत दिसते. पाच-सात वर्षं जुनी सोलारा घेणाऱ्याला इंजिनाचा भाग कुठे मिळेल याची काळजी करावी लागली नाही. टप उचलणारी यंत्रणा बिघडली तर तेवढा खर्च, बाकी सगळं कॅमरीचं.

जुनी गाडी घेताना हीच कसोटी लावावी, असं माझं मत आहे. वेगळेपण पत्र्यात असावं, इंजिनात नसावं. आपल्या भागातही ती लावता येते. लिनिया घ्या. २००९ च्या जानेवारीत आलेली, पुण्याजवळच्या रांजणगावात बनलेली, रस्ता पकडून बसणारी गाडी. फियाटचं नाव ऐकताच लोक मागे सरतात आणि म्हणूनच ती स्वस्तात मिळते. पण तिच्यातलं १.३ लिटरचं मल्टिजेट डिझेल इंजिन स्विफ्ट, डिझायर, इंडिका व्हिस्टा, पहिली अर्टिगा अशा डझनभर गाड्यांत होतं. तालुक्याच्या ठिकाणचा कुठलाही जाणता मिस्त्री ते डोळे मिटून खोलतो. अडचण येते ती बंपर, दिवे, दाराची कुलपं अशा फक्त लिनियाच्या भागांची. महिंद्रा व्हेरिटोचंही तसंच. ती मूळची लोगान, २००७ पासून नाशिकला तयार झालेली, रूप अगदीच डब्यासारखं. पण तिचं १.५ डिझेल पुढे डस्टरमध्येही आलं आणि मागच्या सीटवर तिघं मोठी माणसं खांद्याला खांदा न लागता बसतात. दिसण्याची फिकीर नसणाऱ्या माणसासाठी ही गाडी आहे.

या यादीत सर्वांत वर मी सियाझ ठेवेन. सुरुवातीच्या सियाझचं १.४ पेट्रोल इंजिन त्या वेळच्या अर्टिगातलं आणि २०१८ नंतरचं १.५ पुढच्या अर्टिगातलं. भाड्याच्या अर्टिगा ज्या गावात येतात-जातात त्या गावात सियाझ अडून पडत नाही. होंडा सिटी चालवायला तिच्याहून छान आणि तिचं पेट्रोल इंजिन दणकट म्हणून नावाजलेलं आहे, पण ही गोष्ट सगळ्यांनाच माहीत असल्यामुळे तिचा भाव तितकासा पडत नाही. शिवाय बिघाड झाला की मारुतीचा मिस्त्री जवळ सापडतो, होंडाच्या मोठ्या कामासाठी शहर गाठावं लागतं.

मोह पडतो तो ऑक्टाव्हियाचा. ती तर आपल्या शेजारची. संभाजीनगर-जालना रस्त्यावरच्या शेंद्र्याला २००१ पासून स्कोडाने तिची जुळणी सुरू केली. उतरत्या काचेसकट मागचं अख्खं झाकण वर उघडतं, म्हणजे कूपेच्या सर्वांत जवळ जाणारी चार दारी गाडी तीच. २०१३ नंतरच्या ऑक्टाव्हियाची डिकी ५९० लिटरची. आरामात या किमतीची दुसरी गाडी तिच्या जवळपास येत नाही. तरी सात गिअरची डीएसजी ऑटोमॅटिक असलेली जुनी गाडी वॉरंटीशिवाय घेऊ नका, मग ती ऑक्टाव्हिया असो, व्हेंटो असो की रॅपिड. तिच्या कोरड्या दुहेरी क्लचच्या आणि त्याला चालवणाऱ्या मेकॅट्रॉनिक्सच्या तक्रारी जगभर झाल्या आहेत आणि ते काम तालुक्याला होत नाही. हाताने गिअर टाकायची मिळाली तर खुशाल बघा.

आणि मर्सिडीज, ऑडी, बीएमडब्ल्यू? २०१० च्या ऑक्टोबरात तेव्हाच्या औरंगाबादेत दीडशे मर्सिडीज एकदम घेतल्या गेल्या, त्याची बातमी देशभर झाली. तेव्हापासून आपल्याकडे तीन टोकाचा तारा हा हौसेचा विषय आहे. दहा वर्षांची मर्सिडीज नव्या छोट्या गाडीच्या किमतीत मिळते हे खरं. पण विकत घेताना ती जुनी असते, दुरुस्तीच्या बिलावर मात्र नवीच असते. एअर सस्पेन्शन, हायड्रॉलिक टप, आयात सेन्सर यांचा दर गाडीच्या वयाप्रमाणे उतरत नाही. कापडी टपाला मे महिन्याचं ऊन आणि वर्षभराची धूळ सोसत नाही, ते वेगळंच. टप उघडून फिरायचीच हौस असेल तर २०२० च्या ऑक्टोबरात आलेली, नाशिकला बनलेली सॉफ्ट-टॉप थार बघा. हूडवाल्या जीपशी मराठवाड्याची जुनी ओळख आहे. आराम मात्र तिच्याकडे मागू नका.

गाडी बघायला सकाळी जा, इंजिन गार असताना. मालकाने आधीच सुरू करून ठेवली असेल तर का ते विचारा. मीटरवर विश्वास ठेवण्यापेक्षा ब्रेकच्या पेडलचं रबर आणि स्टिअरिंगची झीज बघा. चाळीस हजार किलोमीटर चाललेल्या गाडीचं पेडल गुळगुळीत नसतं. सर्व्हिसची नोंद कंपनीच्या वर्कशॉपमधून गाडीच्या नंबरावर काढून मागा. टायरच्या बाजूला चार आकडे असतात : २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत दिसली तरी सहा-सात वर्षांचे टायर समृद्धी महामार्गावर ताशी १२० च्या वेगाला घालायचे नाहीत. आणि पुराची गाडी ओळखा. २०१९ मध्ये सांगली-कोल्हापुरात आणि २०२१ च्या जुलैत चिपळूणला असंख्य गाड्या पाण्यात बुडाल्या. अशा गाड्या साफ करून दूरच्या जिल्ह्यात विकल्या जातात. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, आतल्या भागावर चिखलाची रेघ असते. स्टेपनीचा खड्डा आणि सीटखालची लोखंडी पट्टी गंजलेली असेल तर भाव कितीही उतरला तरी परत फिरा.

पेट्रोलबद्दल थोडं. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि एप्रिल २०२३ पूर्वीच्या बहुतेक गाड्या त्यासाठी बनलेल्या नाहीत. ॲव्हरेज थोडं घटतं. जुन्या गाडीतले इंधनाचे रबरी पाइप आणि सील तपासून घ्यावेत.

कागदात लोक घाई करतात. सातबाऱ्यावरचा बोजा तपासल्याशिवाय कोणी जमीन घेत नाही. गाडीवरचाही तसाच तपासावा. आरसीवर बँकेचं नाव असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पुढे जाऊ नका. विक्रीसाठी फॉर्म २९ आणि नाव बदलण्यासाठी फॉर्म ३०. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे राज्यातल्या राज्यात विक्री झाली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत कळवायचं असतं. पुण्याची एमएच १२ गाडी जालन्यात आली तरी तिचा नंबर तोच राहतो, एमएच २१ होत नाही. पुण्या-मुंबईच्या गाडीवर थकलेले ई-चलान असतात, ते परिवहनच्या संकेतस्थळावर बघून विकणाऱ्यालाच भरायला लावा. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला सुरक्षा नंबरप्लेट बसवलेली आहे का तेही बघा. विम्यासाठी १४ दिवसांत अर्ज करा. आणि आधीच्या मालकाचा नो-क्लेम बोनस त्याच्याबरोबरच जातो, तुमच्या हप्त्यात तो धरू नका.

दिल्लीची डिझेल सेडान ‘एकदम स्वस्त’ म्हणून कोणी आणून दिली तर सावध व्हा. तिथे दहा वर्षांच्या डिझेल गाड्यांवर हरित लवादाच्या २०१५ च्या आदेशापासून टांगती तलवार आहे, म्हणून त्या बाहेर निघतात. इथे आल्यावर ना-हरकत, नवी नोंदणी आणि महाराष्ट्राचा कर हे सगळं तुमच्या माथी. लिनियासारखी गाडी पंधरा वर्षांच्या आसपास आली असेल तर नोंदणीचं नूतनीकरणही लागणार, त्याची फी एप्रिल २०२२ पासून पाच हजार रुपये आणि वर पर्यावरण कर.

समजा हातात पाच लाख आहेत. गाडी साडेचारची बघा. उरलेल्या पन्नास हजारांत टायर, बॅटरी, सस्पेन्शनचे बुश, सगळी ऑइलं आणि नाव बदलण्याचा खर्च भागवायचा. दसरा-दिवाळीला, सोयाबीन-कापसाचा पैसा हातात खेळतो तेव्हा जुन्या गाड्यांचे भाव ताणलेले असतात. डिसेंबरात, वर्ष पालटायच्या तोंडावर, विकणारा लवकर खाली येतो. नव्या छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे, घासाघीस करताना हाही मुद्दा काढा.

इसार द्यायचा तर पावती घेऊन द्या आणि थोडाच द्या. पूर्ण रक्कम फॉर्मवर सह्या झाल्यावरच. विकणाऱ्यांनाही एक सांगणं आहे : २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं आहे, की नोंदणीत ज्याचं नाव, अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावर. तेव्हा गाडी विकली तरी नाव बदललं की नाही, ते स्वतः बघून घ्या.