सव्विसाव्या वाढदिवसाच्या आत
(पटावरची माणसे : भाग 7)

गेल्या आठवड्यात आपण शोगी या जपानी बुद्धिबळाचा 81 घरांचा पट पाहिला. मारलेले मोहरे आपल्या बाजूने पुन्हा पटावर उतरवायचे, हा तिथला विलक्षण नियमही पाहिला. आज या खेळावर पोट भरणाऱ्यांकडे वळू. सांगलीत बुद्धिबळ शिकणाऱ्या मुलांच्या आईवडिलांना हा विषय जवळचा वाटेल, कारण ‘पुढे याचं काय होणार?’ हा प्रश्न त्यांनाही पडतोच.

जपानने त्या प्रश्नाचे उत्तर फार कडक दिले आहे. जपान शोगी संघटना आपली स्थापना 1924 ची मानते. तिच्या प्रशिक्षण संस्थेचे नाव शोरेईकाई. एखाद्या व्यावसायिक खेळाडूने शिष्य म्हणून शिफारस केली, तरच मुलाला तिच्या परीक्षेला बसता येते. तिथून सहाव्या क्यूपासून तिसऱ्या दानपर्यंत दर्जाच्या पायऱ्या चढायच्या. शेवटी तिसऱ्या दानच्या खेळाडूंची सहा-सहा महिन्यांची साखळी स्पर्धा असते आणि तिच्यातले पहिले दोघेच चौथ्या दानला, म्हणजे व्यवसायात जातात. अख्ख्या देशातून वर्षाला साधारण चार जण! आणि हे सगळे सव्विसाव्या वाढदिवसापर्यंत साधायचे. फार थोड्यांना त्यापुढे सवलत मिळते. बाकीच्यांना संस्था सोडावी लागते.

आत गेलेल्याची सोय मात्र चोख आहे. मेइजिन किताबासाठीच्या पाच गटांतल्या सर्वांत खालच्या गटात त्याला जागा मिळते, सामन्यांचे मानधन सुरू होते. हा पैसा बराचसा वृत्तपत्रांकडून येतो. मेइजिन स्पर्धेमागे माइनिची आणि आसाही, र्युओ स्पर्धेमागे योमिउरी. डाव वृत्तपत्रात छापून येतात आणि वाचक ते चवीने वाचतात. फुजिई सोता 2016 मध्ये 14 व्या वर्षी या दारातून आत गेला, पहिले 29 सामने ओळीने जिंकला आणि 2023 मध्ये आठही मोठे किताब त्याच्याकडे होते. त्याची गोष्ट सगळीकडे सांगितली जाते. मला सेगावा शोजीची अधिक महत्त्वाची वाटते. तो 26 व्या वर्षी बाहेर पडला, नोकरी करू लागला, हौशी खेळाडू म्हणून खेळत राहिला आणि व्यावसायिकांना हरवू लागला. अखेर संघटनेला त्याच्यासाठी खास परीक्षा घ्यावी लागली. 2005 च्या नोव्हेंबरमध्ये तो व्यावसायिक झाला आणि पुढे त्या परीक्षेचा रीतसर मार्गच तयार झाला. त्याच मार्गाने निशियामा तोमोका ही चौथ्या दानपर्यंत पोचणारी पहिली स्त्री होऊ पाहत होती. 2025 च्या जानेवारीत पाचव्या, निर्णायक डावात ती हरली.

स्त्रीला पुरुषांच्या पंक्तीत बसू द्यायचे का, हा वाद आपल्याकडे बुद्धिबळात 1976 मध्येच झाला होता. रोहिणी खाडिलकर तेव्हा 13 वर्षांच्या. त्या पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरल्या, तशी ओरड झाली. प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि स्त्रियांना अशा स्पर्धांतून वगळता येणार नाही, असा निर्णय जागतिक बुद्धिबळ संघटनेचे अध्यक्ष मॅक्स युवे यांनी दिला. रोहिणीताई 1981 मध्ये आशियाई महिला विजेत्या झाल्या. त्यांच्या भगिनी वासंती 1974 च्या पहिल्याच राष्ट्रीय महिला स्पर्धेच्या विजेत्या, तर जयश्री 1979 च्या महिला आंतरराष्ट्रीय मास्टर. या तिघी मुंबईत वाढल्या, पण त्यांचे पणजोबा नाटककार कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर सांगलीचे. योगायोग असा की, जपानमध्ये शोगीला वृत्तपत्रांनी जगवले आणि या तिघी बहिणीही ‘नवाकाळ’ या वृत्तपत्राच्याच घरातल्या.

सांगलीत मात्र खेळ जगवला तो एका शिक्षकाने. भाऊसाहेब पडसलगीकरांनी 1941 मध्ये नूतन बुद्धिबळ मंडळ सुरू केले आणि पिढ्यान्‌पिढ्या मुले पटासमोर बसवली. शोगीतल्या गुरूसारखी शिफारस करण्याचा अधिकार त्यांच्याकडे नव्हता, कारण शिफारस घेऊन जावे असे दारच इथे नव्हते. मुलांना खेळायला मिळावे म्हणून त्यांनी स्पर्धाच सांगलीत आणल्या. सांगलीच्या स्वाती घाटे महिला ग्रँडमास्टर झाल्या. पण पोटापाण्याला आधार मिळाला आयुर्विमा महामंडळाच्या नोकरीचा. भारतातल्या बहुतेक चांगल्या खेळाडूंची वाट अशीच आहे: किताब खेळातून, पगार बँकेतून, रेल्वेतून किंवा तेल कंपनीतून.

या वाटेत एक मोठेपण आहे. सव्विसाव्या वर्षी कुणी तुम्हाला हाकलत नाही. ग्रँडमास्टर किताबाला वयाची अटच नाही. उणीव आहे ती मधल्या वर्षांत. साधारण पंधरा ते बावीस या वयात प्रवास, प्रशिक्षक, परदेशातल्या स्पर्धा यांचा सगळा खर्च घरावर पडतो आणि बारावीच्या वर्षी कित्येकांचा पट कपाटात जातो. तो बहुधा पुन्हा निघत नाही.

कुस्तीत आपण हा प्रश्न सोडवला आहे. पश्चिम महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांनी मल्लांना मानधन दिले, म्हणून शेतकऱ्याचे पोर तालमीत टिकले. सातारा-सांगलीच्या कारखान्यांनी आणि सहकारी बँकांनी आपल्या मानधनाच्या यादीत दरवर्षी दोन बुद्धिबळपटू घ्यावेत, एक मुलगा आणि एक मुलगी. सभासद वाचकांनी हा विषय येत्या वार्षिक सभेत मांडावा.