वृत्तपत्रविद्येची डॉक्टरकी



वर्तमानपत्राच्या कचेरींत आठ-दहा वर्षें काढलेला एखादा तरुण उपसंपादक जेव्हां विद्यापीठाची पायरी चढतो आणि "मला पीएच्. डी. करावयाची आहे" असें सांगतो, तेव्हां त्याच्या हातांत बहुधा एक कागद असतो. त्यावर विषय लिहिलेला असतो: 'मराठी वृत्तपत्रें आणि समाजप्रबोधन', किंवा अलीकडच्या रिवाजाप्रमाणें, 'समाजमाध्यमांचा तरुण पिढीवरील परिणाम'. विषय वाईट आहेत असें कोण म्हणेल? पण ज्याला विषय म्हणतात आणि ज्याला प्रश्न म्हणतात त्या दोहोंत बरेंच अंतर आहे. तें अंतर तोडण्यांत उमेदवाराचा पुष्कळसा काळ जातो, आणि कित्येकांच्या बाबतींत तर प्रबंध बांधून तयार झाला तरी तें तुटलेलें नसतें. आज मला जें सांगावयाचें आहे तें मुख्यतः या अंतराविषयीं.

बातमीदाराच्या अंगीं कांहीं गुण असे असतात कीं विद्यापीठानें त्यांचा हेवा करावा. अनोळखी माणसाला बोलतें करणें, कागदपत्रांचा माग काढणें, ठरल्या वेळीं मजकूर हातावेगळा करणें, या गोष्टी त्याला कोणी शिकवाव्या लागत नाहींत. परंतु त्याच धंद्यानें त्याला एक खोडही लाविलेली असते. त्याला मथळा आधीं सुचतो. मजकूर मागून येतो. उद्यांच्या अंकाला ही खोड उपकारक आहे, प्रबंधाला ती मारक ठरते. बातमी काय घडलें तें सांगून मोकळी होते. प्रबंधाला त्यापुढें आणखी दोन प्रश्नांचीं उत्तरें द्यावीं लागतात: हें तुम्हांला कसें कळलें? आणि तुमच्याच वाटेनें दुसरा कोणी गेला तर त्यालाही हेंच दिसेल काय? या दुसऱ्या प्रश्नाची बातमीदाराला संवय नसते, आणि खरें सांगावयाचें तर तो प्रश्न त्याला थोडा अपमानास्पदही वाटतो.

हा व्यासंग आपण समजतों तितका नवा नाहीं. जर्मनींतील लाइप्झिग शहरीं १६५० सालीं दैनिक वृत्तपत्र निघालें, आणि चाळीस वर्षांनीं, १६९० मध्यें, तेथीलच विद्यापीठांत टोबियास पॉयसर नांवाच्या गृहस्थानें बातमीपत्रांवर लॅटिन भाषेंत प्रबंध सादर केला. या विद्येंतील पहिला प्रबंध म्हणून त्याचाच निर्देश करतात. पुढें १९१० सालीं फ्रँकफुर्ट येथें समाजशास्त्रज्ञांच्या परिषदेंत मॅक्स वेबर यांनीं वृत्तपत्रांच्या अभ्यासाची मोठी योजना मांडली, आणि आरंभ कात्री व कंपास हातीं घेऊन रकाने मोजण्यापासून करावा लागेल असें सांगितलें. योजना तडीस गेली नाहीं; पण कात्री आणि कंपास हीं हत्यारें या शास्त्राला कायमचीं चिकटलीं. अमेरिकेंत मिसूरी विद्यापीठानें १९०८ सालीं वृत्तपत्रविद्येची शाळा काढली आणि १९३४ सालीं या विषयांतील डॉक्टरेट दिली. आपल्याकडे 'दर्पण' १८३२ सालीं निघालें खरें, पण वृत्तपत्रव्यवसाय विद्यापीठांत शिकवावा ही कल्पना रुजावयास शंभरांहून अधिक वर्षें लागलीं. लाहोरास १९४१ सालीं, नागपुरास हिस्लॉप महाविद्यालयांत १९५२ सालीं आणि पुण्यास रानडे इन्स्टिट्यूटच्या वास्तूंत १९६४ सालीं हें शिक्षण सुरू झालें.

पण या वंशावळीचा उमेदवाराला फारसा उपयोग नाहीं. त्याला उपयोगी पडेल तो एक प्रत्यक्ष प्रयोग, आणि तो आपल्याच मुलखांत, याच नभोवाणीच्या पुणें केंद्रावरून झालेला आहे. १९५६ सालीं युनेस्कोच्या साहाय्यानें पुणें, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पांच जिल्ह्यांतील सुमारें दीडशें गांवांत शेतकऱ्यांचीं श्रोतृमंडळें स्थापन करण्यांत आलीं. दहा आठवडे, आठवड्यांतून दोनदां, याप्रमाणें वीस कार्यक्रम झाले. मंडळी जमत, कार्यक्रम ऐकत, मग त्यावर आपसांत चर्चा करीत, आणि जमेल तें गांवांत करून पाहत. मूळ कल्पना कॅनडांतील शेतकरी मंडळांची.

आतां हीच हकीकत वर्तमानपत्रांत कशी आली असती तें डोळ्यांपुढें आणा. एखादा बातमीदार दोन-चार गांवें फिरला असता. कंदिलाच्या उजेडांत नभोवाणीभोवतीं बसलेल्या शेतकऱ्यांचें सुरेख वर्णन त्यानें केलें असतें. सरपंचाचा अभिप्राय घेतला असता आणि 'नभोवाणीनें खेडीं जागीं झालीं' असा मथळा दिला असता. कदाचित् तें सत्यही असतें. परंतु तें सत्य आहे हें त्या वर्णनानें सिद्ध झालें नसतें. मूल्यमापनाचें काम मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेकडे होतें, आणि तें पॉल नॉयरॅट या, व्हिएन्नांत जन्मलेल्या व अमेरिकेंत स्थायिक झालेल्या, समाजशास्त्रज्ञानें चालविलें. त्यानें काय केलें? मंडळें असलेल्या गांवांच्या जोडीला मंडळ नसलेलीं गांवेंही अभ्यासास घेतलीं. त्यांतही कांहीं गांवांत नभोवाणीचें यंत्र होतें, कांहींत नव्हतें. कार्यक्रम सुरू होण्यापूर्वीं आणि संपल्यानंतर, असे दोन वेळां लोकांना प्रश्न विचारून त्यांना काय माहीत आहे तें नोंदलें. मंडळांच्या गांवांत लोकांचें ज्ञान लक्षणीय वाढलेलें आढळलें. जेथें नुसतें यंत्र होतें तेथें वाढ अगदींच थोडी. जेथें यंत्रही नव्हतें तेथें त्याहून कमी.

या तीन वाक्यांचें मोल ध्यानांत घ्या. नुसती नभोवाणी ऐकविल्यानें फारसें कांहीं होत नाहीं, ऐकून झाल्यावर माणसें एकमेकांशीं बोललीं म्हणजे होतें, हा निष्कर्ष मंडळ नसलेलीं गांवें पाहिल्यावांचून निघालाच नसता. जेथें घटना घडली नाहीं तेथें जाऊन पाहणें, हें बातमीदाराच्या स्वभावाविरुद्ध आहे. तो घडलें तेथें धांवतो. हा प्रयोग कोणाच्या पदवीसाठीं झालेला नव्हता. तरी माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला मी त्याचा वृत्तांत वाचावयास सांगतों. वाचून परत येणारे थोडे असतात, हें निराळें.

आतां आपल्या उपसंपादकाच्या कागदाकडे वळूं. 'मराठी वृत्तपत्रें आणि समाजप्रबोधन'. कोणतीं वृत्तपत्रें? कोणत्या सालचीं? प्रबोधन झालें हें कशावरून ओळखावयाचें? हे तीन प्रश्न विचारले कीं विषय गळून पडतो आणि खरें काम सुरू होतें. समजा, त्यानें १८९७ चा पुण्याचा प्लेग घेतला. फेब्रुवारींत रँड पुण्यास आले, मार्चपासून घरझडत्या सुरू झाल्या, २२ जूनच्या रात्रीं त्यांच्यावर गोळी झाडली गेली. 'केसरी' त्या वेळीं साप्ताहिक होता; म्हणजे फेब्रुवारी ते जून या अवधींत वीस-बावीस अंक. ते ओळ न् ओळ वाचून होतात. मग प्रश्न असा बांधतां येईल: घरझडत्या सुरू होण्यापूर्वींच्या अंकांत रोगनिवारणाच्या मजकुरास किती जागा होती आणि सैनिकांविषयींच्या तक्रारींस किती? नंतरच्या अंकांत तें प्रमाण बदललें काय? आणि याच काळांत 'ज्ञानप्रकाशां'त कसें होतें? हा प्रश्न लहान दिसतो. पण याचें उत्तर येतें, आणि चुकलें तर चुकलें असें दुसऱ्यास दाखवितां येतें.

येथें एक खांचखळगा आहे तो सांगून ठेवतों. त्या काळीं सरकारचे अनुवादक देशी वृत्तपत्रांतील मजकुराचा इंग्रजी सारांश आठवड्या-आठवड्यास छापून वरिष्ठांकडे पाठवीत. हे सारांश आज अभिलेखागारांत व्यवस्थित बांधलेले मिळतात. मूळ अंक मात्र पिवळे पडून बोटांत मोडतात, कांहींचा तर पत्ताच लागत नाहीं. साहजिकच विद्यार्थी सारांशांवर भागवितो. पण तो सारांश म्हणजे वृत्तपत्र नव्हे. सरकारला ज्यावर नजर ठेवावीशी वाटली तेवढेंच त्यांत उतरलें. पावसापाण्याचें वर्तमान, जाहिराती, वाचकांचीं पत्रें, पुस्तकांचे अभिप्राय यांना त्यांत सहसा स्थान नाहीं. त्यावरून वृत्तपत्राचें चित्र काढणें म्हणजे पोलिसांच्या नोंदवहीवरून गांवाचा इतिहास लिहिण्यासारखें आहे. जे अंक मिळाले नाहींत ते मिळाले नाहींत असें प्रबंधांत स्पष्ट लिहावें. त्यांत लाज नाहीं. मूळ अंक कोठें असूं शकतील याचा पहिला शोध शंकर गणेश दाते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं केलेल्या मराठी नियतकालिकांच्या सूचीपासून घ्यावा.

आजचीं दैनिकें अभ्यासावयाचीं तर अडचण उलट असते. मजकूर इतका कीं सगळा वाचणें अशक्य. नमुना घ्यावा लागतो. दर सातवा अंक घेतों, असें पुष्कळजण सहज म्हणून जातात. दर सातवा अंक म्हणजे प्रत्येक वेळीं रविवारच, किंवा प्रत्येक वेळीं सोमवारच! रविवारच्या पुरवण्या पाहून दैनिकाविषयीं अनुमान काढल्यासारखें तें होईल. म्हणून एका आठवड्याचा सोमवार, दुसऱ्याचा मंगळवार, तिसऱ्याचा बुधवार, अशा रीतीनें कृत्रिम आठवडा रचतात. नंतर प्रत्येक बातमी कोणत्या सदरांत घालावयाची तें ठरवून एक नियमावली करतात, आणि तींतील शें-दीडशें बातम्या दोन निरनिराळ्या माणसांस, एकमेकांस न विचारतां, वर्गवारीसाठीं देतात. दोघांचें पुष्कळसें जुळलें तर नियमावली ठीक. न जुळलें तर दोष वाचणारांचा नसतो, व्याख्येचा असतो. 'नकारात्मक बातमी' ही व्याख्या अशा कसोटीस लाविली कीं तिचा कसा फज्जा उडतो तें एकदां पाहण्यासारखें आहे.

संगणकावर वाचावयाच्या बातम्यांचें दुखणें आणखी वेगळें. छापलेला अंक निदान बदलत नाहीं. तेथें सकाळचा मथळा दुपारीं पालटतो, आणि संध्याकाळीं बातमीच नाहींशी होते. ज्या क्षणीं पाहिली त्या क्षणीं तारीख-वेळेसह प्रत करून ठेवली नाहीं, तर दोन वर्षांनीं परीक्षकास दाखवावयास हातांत कांहीं उरत नाहीं. नभोवाणीविषयीं तर आम्हीं बोलूंच नये. बोललेला शब्द वाऱ्यावर जातो. कोणी तो छापून ठेवला तरच उद्यांच्या अभ्यासकाच्या उपयोगी.

नियमांचें थोडक्यांत सांगतों. विश्वविद्यालय अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांप्रमाणें या पदवीस किमान तीन वर्षें लागतात. सामान्य मुदत सहा वर्षांची, आणि पुढें दोन वर्षांपर्यंत ती वाढवून मिळते. स्त्रियांना व दिव्यांगांना आणखी दोन वर्षांची सवलत आहे. संशोधनपद्धतीचा अभ्यासक्रम आरंभीं पुरा करावा लागतो. नोकरी सांभाळून अर्धवेळ नोंदणीही करतां येते, मात्र मालकाचें संमतिपत्र हवें. प्रबंधांत दुसऱ्याचा मजकूर किती मिसळला आहे याची यंत्रानें तपासणी होते. शेंकडा दहांवर प्रमाण गेलें तर कारवाई ठरलेली. मंजूर झालेले प्रबंध 'शोधगंगा' या भांडारांत कोणासही पाहतां येतात, आणि नोंदणीपूर्वीं ते चार-पांच तरी चाळावेत. चांगले कसे असतात तें कळेल. दुसऱ्या प्रकारचे कसे असतात तें अधिक कळेल.

राहिला लाभाचा प्रश्न, आणि तो उमेदवाराच्या घरच्या मंडळींनीं विचारणें अगदीं रास्त आहे. वृत्तपत्राच्या कचेरींत या पदवीनें पगार वाढेल अशी आशा धरूं नये. महाविद्यालयांत साहाय्यक प्राध्यापक होण्यासाठीं जुलै २०२३ पासून ती अनिवार्यही राहिलेली नाहीं. नेट किंवा सेट परीक्षा पुरते. तिशी-पस्तिशींतला संसारी माणूस पांच-सहा वर्षांच्या संध्याकाळीं आणि रविवार या कामीं घालवितो, त्यांचा हिशेब कोणत्याही वेतनश्रेणींत बसत नाहीं. ज्याला एखादा प्रश्न खरोखरच स्वस्थ बसूं देत नाहीं त्यानें यावें. नांवामागें 'डॉक्टर' लावण्यासाठीं येणाऱ्यास मी परावृत्त करतों, आणि तो बहुधा दुसऱ्या मार्गदर्शकाकडे जातो.

शेवटीं तोंडी परीक्षा होते. ती गुप्त नसते. विभागांतील अध्यापक, संशोधक आणि विद्यार्थी तिला बसूं शकतात. प्रवेशाचा अर्ज भरण्यापूर्वीं विभागप्रमुखांची अनुमति घेऊन अशी एक परीक्षा मागल्या बाकावर बसून ऐकावी. बाहेरून आलेले परीक्षक चहा घेतात, प्रबंधाच्या जाडीचें कौतुक करतात, आणि मग त्यांपैकीं एखादा पान उलटून अगदीं सौम्य आवाजांत विचारतो, "हा आंकडा आपण कसा काढलात?" त्या वेळीं उमेदवाराच्या चेहऱ्याकडे लक्ष ठेवावें.