संगणकाची आज्ञा आणि गावचे दप्तर
कासुर्डीच्या शेतकऱ्यास आज सातबारा संगणकावर पाहता येतो. त्यासाठी रकान्यात गट क्रमांक लिहावा लागतो. एखादी प्रणाली सदोष असल्यास, क्रमांकापुढे अर्धविराम देऊन कोणी आज्ञा लिहिली, तर संगणक तीही पाळतो आणि दप्तर पुसले जाऊ शकते. सही झालेल्या ठरावाच्या कोऱ्या जागेत ओळ वाढवावी, तसाच हा प्रकार.

‘बॅश’ या प्रणालीतील १९८९ पासूनचा असाच दोष सप्टेंबर २०१४ मध्ये उघडकीस आला. जगभरचे असंख्य संगणक त्यामुळे धोक्यात आले.

यावर उपाय आहेत. रकान्यातील मजकूर आज्ञेस जोडू नये. अपेक्षित अंक व चिन्हेच स्वीकारावीत. प्रणालीस गरजेपुरतेच अधिकार द्यावेत. सुधारित आवृत्ती वेळीच बसवावी. प्रणाली स्वीकारण्यापूर्वी ही तपासणी झालीच पाहिजे.