तेच गाणं, दुसरा गळा

आमच्या वेल्ह्यात हळदीकुंकवाला बायका जमल्या की अंताक्षरी हमखास होते. 'ई' अक्षर आलं की गाणं ठरलेलं, 'ईना मीना डीका'! आणि गाणं संपलं की कुणीतरी म्हणतंच, "किशोरकुमारने काय धमाल केलीय नाही!"

खरंच केलीय. पण मैत्रिणींनो, १९५७ च्या 'आशा' चित्रपटात हे गाणं दोनदा आहे. एकदा पडद्यावर किशोरकुमार स्वतः नाचतो-गातो, तर दुसऱ्यांदा वैजयंतीमाला नाचते आणि गळा असतो आशा भोसले यांचा. चाल तीच, धमालही तेवढीच. तरी आठवण निघते ती एकाचीच.

संगीत होतं आपल्या सी. रामचंद्रांचं, म्हणजे पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकरांचं. रॉक अँड रोल तेव्हा अमेरिकेतही नवं होतं आणि अण्णांनी ते हिंदी पडद्यावर आणलं. अंगणात खेळणाऱ्या मुलांच्या गिनतीवरून मुखडा सुचला आणि त्यांचे गोव्याचे सहकारी जॉन गोम्स यांनी त्यात कोंकणीतलं 'मला नको' जोडून दिलं, असं सांगतात. ऐकताना कुणाला अर्थ विचारावासाही वाटत नाही!

एकाने म्हटलेलं गाणं दुसऱ्याने आपल्या पद्धतीने पुन्हा रेकॉर्ड केलं की त्याला 'कव्हर' म्हणतात. त्यात गैर काही नाही. पण कधीकधी मूळ गाणारी मागेच राहते. 'हाउंड डॉग' हे रॉक अँड रोलमधलं अतिशय गाजलेलं गाणं. जगाला ते एल्विस प्रेस्लीचं म्हणून माहीत आहे. त्याने ते १९५६ मध्ये गायलं आणि अमेरिकेत ११ आठवडे ते पहिल्या क्रमांकावर होतं. पण त्याआधी, १९५२ मध्ये, ते रेकॉर्ड केलं होतं विली मे थॉर्नटन या कृष्णवर्णीय गायिकेने. लोक तिला 'बिग मामा' म्हणत. गाणं लिहिणारी दोन मुलं अवघी १९ वर्षांची होती.

तिच्या गाण्यातली बाई ऐतखाऊ पुरुषाला ठणकावून दाराबाहेर काढते. एल्विसपर्यंत पोचेपर्यंत शब्द बदलले आणि बाईचा तो राग गेला, उरला नुसता कुत्रा! बिग मामाचंही गाणं कृष्णवर्णीयांच्या संगीताच्या यादीत ७ आठवडे पहिलं होतं. तरी आपल्याला ५०० डॉलरचा एकच चेक मिळाला, असं ती सांगायची. १९८४ मध्ये ती गेली. रॉक अँड रोलच्या मानाच्या दालनात तिचं नाव लागलं ते २०२४ मध्ये, म्हणजे मरणानंतर ४० वर्षांनी.

हे वाचलं तेव्हा मला जात्यावरच्या ओव्या आठवल्या. कव्हर म्हणजे काय, हे आपल्या आज्यांना कुणी शिकवायला नको होतं. सासूची ओवी सून उचलायची, त्यात आपल्या भावाचं नाव घालायची, आपलं दुःख घालायची आणि दळण सरेपर्यंत ती तिची होऊन जायची. पण रेकॉर्ड नाही, नाव नाही. जातं थांबलं, गळाही थांबला.

सगळेच मात्र थांबले नाहीत. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या दोघांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा करून ठेवल्या. आपल्या मावळ-मुळशी-वेल्ह्याच्या डोंगरातल्या बायकाही त्यात आहेत. मला सगळ्यांत भावलं ते हे, की ओवीबरोबर गाणारीचं नाव आणि गावही लिहिलेलं आहे. कुणाची तरी आई, कुणाची तरी बायको एवढंच नाही, तिचं स्वतःचं नाव!

आता आपल्या सगळ्यांच्या हातात मोबाइल आहे. घरात ऐंशी वर्षांची आजी असेल, तर एका दुपारी तिच्याजवळ बसा. "मला आता कुठलं आठवतंय गं," असं ती म्हणेल. पण पहिली ओळ तुम्ही म्हटलीत तर दुसरी तिच्या तोंडून आपसूक येईल. ती रेकॉर्ड करा, लेकीसुनांना ऐकवा, त्यांनाही म्हणू द्या, हवं तर चाल बदलूनसुद्धा! फक्त रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला आजीलाच तिचं नाव आणि गाव सांगायला लावा. माहेरचं सांगितलं तरी चालेल.