कोंबड्यांचे ताट : खरकट्यातले काय घालावे, काय टाळावे

रविवारी घरात मटण शिजले की ताटे उचलताना एक प्रश्न हमखास निघतो. हाडाला चिकटून राहिलेले मांस, पातेल्याच्या तळाशी उरलेला रस्सा, भाकरीचे तुकडे हे सारे परसातल्या कोंबड्यांना घालावे की नाही? खानापूर-चंदगडच्या खेड्यांत हा प्रश्न फारसा कुणाला पडत नसे. खरकटे उकिरड्यावर पडे आणि कोंबड्या त्यातले हवे ते वेचून नको ते सोडून देत. आता मात्र शहरालगतच्या वसाहतींतही चार-पाच गिरिराज किंवा गावठी कोंबड्या पाळल्या जातात. तिथे परसाला जाळी असते, उकिरडा नसतो. आपण पुढ्यात टाकू तेच कोंबडीला खावे लागते. म्हणून निवडीची जबाबदारी आता आपल्यावर आली आहे.

माणसाची आणि कोंबडीची सोयरीक मुळात सांडलेल्या दाण्यावरच जुळली असावी. थायलंडमधल्या उत्खननांच्या आधारे २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार, भातशेतीच्या आसपास दाण्यांच्या ओढीने आलेले रानकोंबडे सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वी माणसाळले. यात आपल्या सह्याद्रीचाही वाटा आहे. अनेक कोंबड्यांचे पाय पिवळे असतात. तो पिवळा रंग देणारे जनुक आपल्या घाटातल्या करड्या रानकोंबड्याकडून आले, असे २००८ साली स्वीडनमधील संशोधकांनी दाखवून दिले.

मांस चालते का?

चालते. कोंबडी शाकाहारी नाही. किडे, गांडुळे, वाळवी, प्रसंगी लहानशी पालसुद्धा ती आवडीने खाते. अंडी देणाऱ्या कोंबडीच्या खाद्यात साधारण १६ ते १८ टक्के प्रथिने लागतात. नुसता भात, कणी आणि भाकरी घातली तर पोट भरते, पण प्रथिने कमी पडतात आणि अंडी घटतात. पिसे झडून नवी येतात त्या दिवसांत ही गरज वाढते, कारण पीस हे जवळजवळ सगळे प्रथिनांचेच बनलेले असते. अशा वेळी शिजवलेल्या मांसाचे बारीक तुकडे, माशाचे उकडलेले डोके, उकडलेले अंडे हे उत्तम पूरक अन्न ठरते.

‘मांसाची चटक लागली की कोंबड्या एकमेकींना टोचून खातात’ ही समजूत आपल्याकडे पक्की आहे. वस्तुस्थिती पाहिली तर टोचाटोचीची मुख्य कारणे म्हणजे दाटीवाटी, प्रखर उजेड आणि प्रथिनांची कमतरता. त्यामुळे बेताने दिलेले मांस टोचाटोचीला कारण ठरत नाही.

प्रमाण मात्र सांभाळावे. एक कोंबडी दिवसाला १०० ते १२० ग्रॅम खाद्य खाते. पाच कोंबड्यांचे मिळून अर्धा किलोच्या थोडे वर. त्यात उरल्यासुरल्याचा वाटा दहावा हिस्सा धरावा, आणि त्यातले मांस म्हणजे आठवड्यातून एकदोनदा मूठभर. पालेभाजीचे देठ, कोबीची पाने, काकडी-भोपळ्याच्या बिया यांना एवढे मोजमाप नको.

तिखट नव्हे, मीठ

रस्सा तिखट आहे म्हणून आपण तो कोंबड्यांना घालत नाही. गंमत अशी की मिरचीचा झणका पक्ष्यांना जाणवतच नाही. तो जाणवून देणारी यंत्रणा त्यांच्यात मिरचीला दाद देत नाही. खरा धोका मिठाचा आणि तेलाचा. कोंबडीला जास्त मीठ सोसत नाही. लोणचे, पापड, फरसाण, सुक्या खाऱ्या माशाचे तुकडे तिच्यापुढे टाकू नयेत. मटणाचे तुकडे गरम पाण्यात धुऊन घ्यावेत, चरबी काढून टाकावी आणि शेजारी भरपूर स्वच्छ पाणी ठेवावे. मासळी रोज घातली तर अंड्याला वास लागतो.

बुरशी हा आणखी मोठा शत्रू. भाकरीवर हिरवट ठिपके दिसले की ‘माणसाला नको, कोंबडीला चालेल’ म्हणणाऱ्या पुष्कळ आहेत. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी अचानक दगावले. कारण निघाले बुरशी लागलेली शेंगदाण्याची पेंड. त्या बुरशीतले विष म्हणजे अफ्लाटॉक्सिन. आपल्याकडे पावसाळी दमट हवेत शेंगदाणे आणि मका यांना ती सहज धरते. कच्चा राजमा, बटाट्याची हिरवट साल हेही वर्ज्य. सडलेल्या मांसातल्या विषाने कोंबडीची मान लुळी पडते व ती मरते.

कच्चे मांस आणि धुतलेले पाणी

बाजारातून आणलेली कोंबडी धुतल्यावर ते पाणी, आतडी, पिसे परसात टाकण्याची सवय सोडायला हवी. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू आढळला आणि लाखो पक्षी मारावे लागले. तो विषाणू असो की मानमोडीचा, कच्च्या मांसातून आणि घाणीतून परसातल्या पक्ष्यांपर्यंत पोचू शकतो. पूर्ण शिजवल्यावर तो मरतो. मानमोडीची लस मात्र वेळेवर टोचून घ्यावीच. पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारणा करावी.

कोंबडीला कोंबडीचेच मांस घालावे का, हा प्रश्न मनाला खटकतो आणि तो खटका योग्य आहे. गुरांना गुरांच्याच हाडामांसाचा भुगा खाऊ घातल्यामुळे इंग्लंडमध्ये १९८६ पासून ‘मॅड काऊ’ रोगाचा कहर झाला. कोंबड्यांत असा रोग दिसलेला नाही, तरी युरोपने २००१ मध्ये पशुखाद्यातील प्राणिज प्रथिनांवर बंदी घातली. २०२१ मध्ये ती सैल केली, पण एका जातीला त्याच जातीचे मांस देण्याची मनाई कायम ठेवली. २००१ साली तिथे लाळ्या-खुरकूतची साथ आली. न उकळलेले खरकटे डुकरांना घातल्याने ती सुरू झाल्याचे मानले जाते. साठ लाखांहून अधिक जनावरे त्यात मारली गेली. तेव्हापासून तिथे घरच्या स्वयंपाकघरातले खरकटे परसातल्या कोंबड्यांना घालणेही बेकायदा आहे. याउलट फ्रान्समधल्या कोलमार शहराने कचरा कमी व्हावा म्हणून २०१५ पासून घरोघरी कोंबड्या वाटल्या. दोन्ही बाजूंना आपापले कारण आहे. आपल्याकडे मधला मार्ग सोपा आहे: कोंबडीचे मांस कोंबडीला टाळावे, बाकीचे ताजे आणि शिजलेले असावे.

शेवटी दोन घरगुती गोष्टी. कोंबडीला दात नसतात; बारीक खडे ती गिळते आणि आपण कलेजीबरोबर आणतो त्या पेट्यात दाणा दळला जातो. बंदिस्त परसात म्हणून जाड वाळूचे ताट ठेवावे. अंड्याची टरफले भाजून, चुरून परत घालावीत. एका टरफलात सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम असते, ते वाया का घालवायचे? आणि खाऊन उरलेले संध्याकाळी, खुराडे झाकण्यापूर्वी, उचलून टाकावे. ते राहिले तर रात्री उंदीर येतात, आणि उंदरांमागे सापही येतो.