नावात पत्ता असतो

कोळी म्हटला की आपल्याला घराच्या कोपऱ्यातलं जाळं आठवतं. आज ज्याच्याविषयी बोलायचं आहे तो कोळी पाय पसरून बसला तर तळहात व्यापतो. अंगभर काळे केस आणि पायांची टोकं तेवढी गुलाबी, जणू मेंदी लावून बसला आहे. सुरीनाम, गयाना, ब्राझील या मुलखांत तो झाडांवर, कधी घराच्या छपरातही रेशमी नळी विणून राहतो. टॅरंट्युला कुळातला हा जीव हौशी लोक परदेशात पाळतात. रानातून पकडलेला कोळी डबीतून दूरदेशी जातो आणि डबीवर फार तर ‘दक्षिण अमेरिका’ एवढंच लिहिलेलं असतं. मग प्रश्न पडतो, याची नेमकी जात कोणती?

रंगावरून सांगता येईल असं वाटतं, पण रंग फसवतो. याच कोळ्याचं पिल्लू अगदी उलट असतं : पाय गुलाबी, टोकं काळी. वाढताना दर वेळी कात टाकली की रूप थोडं बदलतं. कात टाकायच्या आधीचा मळकट कोळी आणि नंतरचा चकचकीत कोळी एकच, हे पटत नाही.

म्हणून अभ्यासक रंगाकडे नव्हे, कातेकडे पाहतात. मादीच्या कातेत पोटाच्या आतल्या बाजूला शुक्राणू साठवण्याच्या पिशवीचा ठसा उतरलेला असतो. सुकलेली कात ओली करून, मऊ करून उलगडायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्या पिशवीचा आकार पाहायचा. कोळ्याला इजा न होता त्याची ओळख पटण्याची ही वाट. नर वयात आला की तोंडाजवळच्या आखूड पायांच्या टोकाशी एक छोटा फुगा दिसतो. त्याच्या सुईसारख्या टोकाचं वळण महत्त्वाचं. केसही बोलतात. अमेरिका खंडातले अनेक टॅरंट्युला मागच्या पायांनी खाज आणणारे केस हवेत उडवतात. या प्रजातीतले बहुतेक कोळी ते शत्रूच्या अंगाला टेकवतात.

एवढं करूनही एक धागा हवाच : तो कुठे सापडला? दोन सारख्या दिसणाऱ्या जातींमध्ये कधी कधी नदीचं खोरंच फरक सांगतं. जनुकांची तपासणी केली, तरी ताडून पाहायला पत्ता ठाऊक असलेला नमुना लागतोच. डबीत भरताना गावाचं नाव गळालं की ओळखीचा अर्धा पुरावा गेला.

या गोंधळाला मोठा इतिहास आहे. १६९९ मध्ये मारिया सिबिला मेरियन ही चित्रकार बाई वयाच्या बावन्नाव्या वर्षी मुलीला घेऊन सुरीनामला गेली. १७०५ च्या तिच्या ग्रंथात चिमुकला पक्षी खाणारा कोळी आहे. पुढे लोकांनी तिला खोटं पाडलं. लिनियसने १७५८ मध्ये या कोळ्याला नाव देताना तिच्या चित्राचाही आधार घेतला. नाव पडलं ‘अ‍ॅव्हिक्युलारिया’, म्हणजे चिमण्या पाखरांशी नातं सांगणारं. १८६३ मध्ये हेन्री बेट्सने अ‍ॅमेझॉनकाठी कोळ्याच्या तावडीतले पक्षी पाहिल्याचं लिहिलं, तेव्हा बाईचा शब्द खरा ठरला.

पण नाव एकदा पडलं की त्याखाली काहीही जमा होतं. २०१७ मध्ये ब्राझीलच्या कॅरोलिन फुकुशिमा आणि रोजेरिओ बर्तानी यांनी जगभरच्या संग्रहालयांतले नमुने तपासून या प्रजातीची फेरमांडणी केली. चाळीसहून अधिक नावांची यादी होती; उरल्या १२ जाती, त्यांतही काही नव्याने वर्णन केलेल्या. ‘मेटॅलिका’ म्हणून वेगळी विकली जाणारी जात लिनियसच्याच कोळ्यात विलीन झाली. काही जाती तर दुसऱ्याच प्रजातींत गेल्या.

नावाचा एवढा अट्टहास कशाला, असं कुणी विचारेल. ज्याला नाव नाही त्याची मोजदाद होत नाही. एखाद्या डोंगरापुरती जगणारी जात दुसऱ्या नावाखाली विकली गेली, तर ती संपली तरी कुणाला कळणार नाही. कायदाही नाव वाचूनच संरक्षण देतो. चुकीच्या नावाने जोडी जमवली, तर पुढची पिढी कोणत्याच रानाची राहत नाही. म्हणून खात्री नसेल, तर चिठ्ठीवर जात न लिहिता प्रजातीपुरतंच नाव लिहावं. तो कमीपणा नव्हे, प्रामाणिकपणा आहे.

त्या १२ जातींत पेरूमधली एक जात आहे : ‘अ‍ॅव्हिक्युलारिया मेरियानी’. जिचं खरं कुणी मानलं नाही, त्या बाईचं नाव तीनशे वर्षांनी एका कोळ्याला मिळालं. त्या नावापुढे तिचा देशही लिहिलेला आहे.